रुमालाखालचे गुण

टीव्हीत मुंग्या यायच्या, हे आता सांगूनही कुणाला पटत नाही. नातवाला सांगितलं तर तो माझ्याकडं कीव केल्यासारखा बघतो. बघू दे. आमच्या साताऱ्याच्या घरात अर्धा टीव्ही मुंग्यांचाच असायचा आणि उरलेल्या अर्ध्यात माणसं असायची. गच्चीवर आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एक उंच लोखंडी पाइप उभा केला होता आणि त्याच्या टोकाला पुण्याकडं तोंड करून अँटेना बांधला होता. आप्पा पलटणीत सिग्नलचे सुभेदार होते. वारा कुठून येतो हे गल्लीतल्या लोकांना कळायच्या आधी आप्पांना लहर कुठून येते ते कळतं, असं ते स्वतःच सांगायचे. रविवारी संध्याकाळ झाली की मी गच्चीवर पाइपला मिठी मारून उभी आणि खालून आप्पांचा हुकूम, "थोडं डावीकडं! आलं, आलं... गेलं! आगं, गेलं की! हाय तिथंच थांब, हलू नगंस!" आतल्या खोलीत आई कॉटवर पडलेली असायची. तिचं एक अंग वाऱ्यानं गेलं होतं. काही हवं असलं की दुसऱ्या हातानं ती कॉटच्या दांडीवर पितळी वाटी वाजवायची. घरातली ती घंटाच. शेजारच्या वच्छाकाकू येऊन घेवड्याची उसळ आणि भाकरी टाकून जायच्या आणि उसळीचा वास, वाटीचा आवाज, आप्पांचा हुकूम असं सगळं एकदम गच्चीवर यायचं.

रविवारी जी मालिका लागायची ती परदेशातली होती, अवकाशयानाची, आणि अख्खी इंग्रजीत. त्यातली माणसं तोंडात सुपारी धरल्यासारखी बोलायची. मी कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते, इंग्रजीत पास व्हायचे, पण त्यांचं एक वाक्य कळलं तर शपथ. आप्पांना मात्र कळायचं. पलटणीत गोऱ्या मास्तरांच्या हाताखाली ते वायरलेस शिकले होते. ते खुर्चीत ताठ बसून एकेक वाक्य मराठीत करून सांगायचे, अगदी हुकूम वाचून दाखवावा तसं. "कप्तान म्हणतोय, यान वळवा. डॉक्टर म्हणतोय, न्हाई वळवायचं." मी जमिनीवर बसून ऐकायचे. त्या एका तासात आप्पा मला लय आवडायचे, हे खरंच आहे आणि खोटं कशाला बोलू. बाकीच्या आठवड्यात ते माझ्याशी चार शब्द बोलले तरी पुष्कळ.

बाकीचा आठवडा मी सांगलीत असायचे. मामाकडं. आईनं आजारपणात एकच गोष्ट मागून घेतली होती, की शालन घरच्या कामापासून लांब राहून शिकली पाहिजे, आणि भावाला बोलावून त्याच्यासमोर आप्पांकडून शब्द घेतला होता. सुभेदाराचा शब्द, तो मोडायचा कसा? म्हणून मला सांगलीला धाडलं. पण आप्पांच्या मनात ते कधीच नव्हतं. घरात बायको अंथरुणाला खिळलेली आणि पोरगी कॉलेजात, हे त्यांना नाकाला मिरचीसारखं झोंबायचं. मामा हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी होता. भला माणूस, पण मालकाच्या सावलीलाही घाबरणारा. पहिल्याच दिवशी त्यानं मला सांगितलं, "शालन, तू माज्या भनीची लेक, तुला काय कमी पडू देनार न्हाई. पर एक जरी तक्रार आली, तर एसटीत बशिवतो." मामीनं भाकऱ्यांचं पीठ माझ्यापुढं सरकवलं. त्या घरात मी पीठ मळणारी, भडंग परतणारी आणि सगळ्यांच्या मागून जेवणारी होते. मामीच्या अंगाला, कपड्यांना, उशीच्या अभ्र्यालाही हळदीचा वास यायचा. अजूनही पोत्यातली हळकुंडं बघितली की माझ्या मानेवर काटा येतो.

अडत दुकानाच्या वर एक माडी होती. रिकामी पोती आणि तुटका तराजू ठेवायची जागा. तिथं तिघे बसायचे. मालकाचा मुलगा शिरीष, माझा मामेभाऊ वसंता आणि इंजिनिअरिंगला असलेला गुंडाप्पा, ज्याच्या घरी कन्नड बोलायचे. तिघांना विज्ञानकथांचं वेड. आणि गंमत अशी, की या मालिकेसाठी जीव टाकणाऱ्या तिघांपैकी एकानंही तिचा एकही भाग बघितलेला नव्हता. सांगलीत तेव्हा टीव्ही दिसतच नव्हता. पुण्याची लहर साताऱ्यापर्यंत कशीबशी धापा टाकत यायची, पुढं तिचा दम संपायचा. मग त्यांना मालिका कशी कळायची? माझ्याकडून. मी सोमवारी सकाळच्या एसटीनं यायचे, कॉलेज उरकायचे आणि दुपारी माडीवर जाऊन अख्खा भाग सांगायचे. यान, कप्तान, लांब चेहऱ्याचा डॉक्टर, दाराचे आपोआप उघडणारे पत्रे, सगळं. मामीला सांगितलेलं असायचं की वसंता मला गणित शिकवतो. माडीवर मला कुणी पीठ मळायला लावत नव्हतं. मी बोलायचे आणि तीन पोरगे तोंड उघडं टाकून ऐकायचे. माझ्या त्या सगळ्या वयात मला कुणी ऐकून घेतलं असेल, तर ते तिथंच.

ऐकून झालं की वाद. हा भाग बरा की मागचा बरा, कप्ताननं केलं ते योग्य की अयोग्य, शास्त्राला धरून किती आणि थापा किती. आवाज इतके चढायचे की खालून हमाल ओरडायचे. वाद मिटला नाही की गुण द्यायचे, आणि गुण द्यायची रीत बाजारातली. सांगलीत हळदीचा सौदा तेव्हा रुमालाखाली व्हायचा. अडत्या हातावर रुमाल टाकायचा, एकेक व्यापारी त्याखाली हात घालून त्याची बोटं दाबायचा, तोच त्याचा भाव. कुणी काय बोललं ते दुसऱ्याला कळायचं नाही. शिरीष लहानपणापासून तेच बघत मोठा झालेला. तो हातावर रुमाल टाकायचा, बाकीचे खाली हात घालून बोटं दाबायचे, पाच बोटं म्हणजे पैकीच्या पैकी, आणि मूठ म्हणजे शून्य. स्वतःचे गुण तो शेवटी तोंडानं सांगायचा. मला त्यात हात घालायची परवानगी नव्हती. पोरीचा हात रुमालाखाली कसा धरायचा? मी फक्त सांगायचे. तोंड माझं, गुण त्यांचे. मला त्याचं वाईट वाटायचं, पण बोलून दाखवलं नाही.

हे किती दिवस लपणार? वसंताचं गणित सुधारलं नाही आणि माझंही नाही. मामीनं एक दिवस जिन्यात उभं राहून ऐकलं. मग ती आईला बघायला म्हणून साताऱ्याला आली आणि चहाचा कप खाली ठेवता ठेवता आप्पांना म्हणाली, "दाजी, राग मानू नगा. पर तुमची लेक मालकाच्या पोराफुडं बसून सिनेमाच्या गोष्टी सांगती. हातवारं करून. लोक काय म्हंतील?" मी स्वयंपाकघरात होते. वाटलं, आता आप्पा पट्टा काढणार. पण आप्पा एवढंच म्हणाले, "अस्सं." मग मामीला म्हणाले, "वैनी, काळजी करू नगा. शब्द दिलाय, मी काय तिला थांबवनार न्हाई. ती आपली आपनच थांबंल." मला वाटलं, बापानं माझी बाजू घेतली. त्या रात्री मी त्यांच्या पायांना तेल लावून दिलं.

त्याच्या पुढच्याच रविवारी तो दिव्याचा भाग लागला. गोष्ट अशी होती. अवकाशात एका ओसाड दगडावर जहाजांना वाट दाखवणारा एक मोठा दिवा आहे आणि तो राखायला एक म्हातारा आहे, एकटा. कप्तानाचं यान तिथं उतरतं. म्हाताऱ्यानं वर्षानुवर्षं माणूस बघितलेला नाही. तो त्यांना बसायला जागा पुसून देतो, आपल्या वाटणीचं पाणी देतो. आणि कप्तान त्याला सांगायला आलाय की या वाटेनं आता एकही यान जात नाही, दिव्याची गरज संपली, चल आमच्याबरोबर. पण सांगायला त्याचं तोंड उघडत नाही. मी गच्चीवरून उतरून येऊन बसले होते, कारण चित्र त्या दिवशी नवल वाटावं इतकं स्वच्छ होतं. शेवटी दोघं दिव्याखाली समोरासमोर उभे राहिले, कप्तान काहीतरी बोलला, म्हाताऱ्यानं मान वर केली आणि मुंग्या! सगळा पडदा मुंग्यांनी भरला. मी गच्चीकडं धावले तर आप्पा म्हणाले, "ऱ्हाऊ दे. आवाज येतुया. बस." आतून वाटी वाजत होती, आईला पाणी हवं होतं. आप्पांनी हात वर करून मलाच गप्प केलं, कान टीव्हीला लावला आणि एकेक वाक्य सांगायला लागले. "कप्तान म्हणतोय, बाबा, मला वळखलं न्हाई? मी तुमचा ल्योक. लहानपनी तुमाला सोडून ग्येलो त्यो. म्हातारा रडतुया. कप्तान म्हणतोय, यान जाऊ दे. सगळं जाऊ दे. मी आता तुमाला सोडून जानार न्हाई." मग संगीत वाजलं. आप्पांनी टीव्ही बंद केला आणि आईला पाणी द्यायला ते स्वतः उठले. ते कधी उठत नसत.

माझे डोळे भरून आले होते. एसटीत कराडपर्यंत मी तो शेवट मनात घोळवत होते. सोमवारी माडीवर मी तो असा सांगितला, की वसंतानं नाक ओढलं. पण गुंडाप्पा खुसुखुसू हसायला लागला.

"शालन, हे नाटक झालं. अवकाशातलं संगीत नाटक. आता म्हातारा पद म्हणतो का?"

"तुला बाप न्हाई का रं?" मी म्हणाले.

"बाप आहे की. पण कप्तान तिथं राहिला, तर यान चालवणार कोण? पुढच्या रविवारी मालिका कशी लागणार? डॉक्टर एकटा चालवणार?"

शिरीष मध्ये पडला. "तेच तर धाडस आहे, गड्या! कप्तानलाच काढून टाकायचं. असला शेवट करायला छाती लागते. आजवरचा सगळ्यात भारी भाग आहे हा."

"कसली छाती? आधी एक शब्द नाही, एक खूण नाही, आणि शेवटी एकदम बाप? गोष्ट अशी रचतात का? चाळीस मिनिटं तो दिवा दाखवला, मग दिव्याचं काय झालं? दिव्याची गोष्ट दिव्यानं संपायला पाहिजे."

वसंता म्हणाला, "दिवा गेला खड्ड्यात. बाप मोठा का दिवा मोठा?"

"विज्ञानकथेत दिवा मोठा," गुंडाप्पा म्हणाला.

एवढं चांगलं वाक्य त्या माडीवर त्याआधी कुणी बोललं नव्हतं आणि मला ते तिथल्या तिथं कळलं. पण मी मागं हटले नाही. मी म्हणाले, "मी कानानं ऐकलंय. कप्तान त्याचा मुलगा निघाला. हे खोटं निघालं तर मी हा जिना परत चढणार नाही." शिरीषनं रुमाल टाकला. शिरीष आणि वसंतानं पाच-पाच दिले म्हणे, गुंडाप्पाचे किती ते कुणी सांगितलं नाही. मी जिन्यानं उतरताना मालकीण असल्यासारखी उतरले.

त्याच आठवड्यात पुण्याहून शिरीषचा आतेभाऊ आला. त्याच्या घरी टीव्ही होता, मुंग्यांशिवायचा. मला दुपारी वसंता बोलवायला आला, माझ्याकडं न बघता. माडीवर चौघे होते. आतेभाऊ पोत्यावर रेलून भडंग खात होता. शिरीष म्हणाला, "सांग हिला."

आतेभावानं सांगितलं. कप्तान म्हाताऱ्याला म्हणतो, या वाटेनं आता कुणी जात नाही. म्हातारा म्हणतो, मला ठाऊक आहे, पुष्कळ वर्षं ठाऊक आहे. आणि वळून दिव्याची काच पुसायला लागतो. यान निघून जातं. मागं दिवा लागलेला दिसतो. बस. बाप नाही, मुलगा नाही.

त्या अपमानातही मला पहिल्यांदा काय वाटलं असेल तर हे, की अरे, काय सुंदर शेवट आहे! गुंडाप्पाकडं मी बघितलं. दिव्याची गोष्ट दिव्यानंच संपली होती. मी म्हणाले, "चित्र गेलं होतं. मला आप्पांनी सांगितलं ते मी सांगितलं."

"म्हणजे तुला इंग्रजी येतच नाही?" शिरीष म्हणाला. "आम्ही इतके महिने तुझ्या बापाच्या गोष्टी ऐकत होतो?" त्याला राग खोटेपणाचा नव्हता. ज्या शेवटासाठी तो भांडला, तो एका म्हाताऱ्या सुभेदारानं बनवला होता आणि पुण्याचा भाऊ त्याला हसला होता, त्याचा होता. तो उठला, रुमाल काढला आणि माझ्या हातावर टाकला. "नेहमी म्हणायचीस ना, मला पण रुमालाखाली हात घालू दे? आज तू अडत्या. आम्ही तुला गुण देतो."

मी असं कधी म्हटलं नव्हतं. मनात होतं ते त्याला कळलेलं असणार. मी हात पुढं धरून उभी राहिले, कारण खाली मान घालून पळणं मला जमत नाही, तेव्हाही जमत नव्हतं. आतेभावाचा हात आला. मूठ. शिरीषचा आला. मूठ. मग वसंताचा आला, माझ्या सख्ख्या मामाच्या मुलाचा, ज्याच्या ताटात मी रोज गरम भाकरी वाढत होते. तीही मूठच. गुंडाप्पा म्हणाला, "मी नाही देणार. पुरे करा." तेवढ्यात शिरीषनं पुन्हा रुमालाखाली हात घातला, माझं मनगट धरलं आणि सौद्यात ओरडतात तसा ओरडला, "बोला! सातारचा माल! खोटा निघालाय, बोला काय भाव?" आतेभाऊ भडंग सांडेपर्यंत हसला. खालचे हमाल जिन्यापाशी येऊन वर बघत होते.

मी डाव्या हातानं शिरीषच्या थोबाडीत मारली. अशी मारली, की आवाज खालच्या तराजूपर्यंत गेला. त्याबद्दल मला कधी वाईट वाटलं नाही. आज सत्तरी उलटली तरी नाही. झालंच तर एकच मारली याचं वाटतं.

मामानं मला काही विचारलं नाही. मालकाच्या मुलाच्या गालावर दिवाणजीच्या भाचीची बोटं उठली होती, यात विचारायचं काय? त्यानं माझी ट्रंक स्वतः उचलून स्टँडवर आणली. गाडी सुटताना खिडकीतून गुळाचा पुडा दिला आणि म्हणाला, "शालन, माजा नाइलाज हाय गं." वसंता स्टँडवर आला नाही. कॉलेजचं नाव तिथंच संपलं.

घरी पोचले तेव्हा आप्पा अंगणात आरसा खांबाला टांगून दाढी करत होते. ट्रंक बघितली, पण वस्तरा थांबला नाही. मी म्हणाले, "आप्पा, तो कप्तान म्हाताऱ्याचा मुलगा नव्हता."

"नव्हता," आप्पा म्हणाले.

"तुम्ही मुद्दाम सांगितलंत?"

त्यांनी गाल फुगवून वस्तरा फिरवला. "शब्द दिला व्हता तुज्या आयला. तुला कालिजातनं काडनार न्हाई म्हनून. काडली का मी? खोटं उघडं पडंल म्हाईत व्हतं, आन तुजी तूच आलीस." मग वस्तरा पाण्यात बुडवून म्हणाले, "सिग्नलवाल्यानं आलेला निरोप कवा बदलू न्हाई. जन्मात एकदाच बदलला. जा, आत जा. वाटी वाजतीया." आणि खरंच वाजत होती.

आईला मी खरं कधी सांगितलं नाही. ती चांगल्या हातानं माझं डोकं कुरवाळायची आणि मी म्हणायचे, कॉलेजला सुट्टी आहे. ती सुट्टी आई जाईपर्यंत चालली. मग आप्पांनी माझं लग्न लावून दिलं, तेही मागच्याच गल्लीत, म्हणजे हाक मारली की ऐकू यावं. मला राग येत नव्हता का? यायचा की. पण राग भाकरीत थापायचा आणि ताटात वाढायचा, हे बायकांना शिकवावं लागत नाही.

म्हातारपणी आप्पा माझ्याच घरी होते. कान पार गेले होते. ज्या कानांवर सगळी मिजास, ते कान! टीव्ही रंगीत आला होता, मुंग्या गेल्या होत्या, चित्र लख्ख दिसायचं, पण त्यांच्या ऐकण्याच्या नावानं ठणठण गोपाळ. संध्याकाळी मालिका लागली की ते माझा पदर ओढायचे, "काय म्हंतुया गं त्यो?" आणि मी त्यांच्या कानाला तोंड लावून ओरडून सांगायचे. काही दिवस खरं सांगितलं. मग एकदा पडद्यावर एक मुलगा म्हाताऱ्या बापाला गावाकडून न्यायला आला, दोघं गळ्यात पडले, आप्पांचे डोळे पाण्यानं भरले आणि त्यांनी पदर ओढला. मी म्हणाले, "त्यो म्हंतुया, मी तुमाला न्यायला आलो न्हाई. घराची किल्ली घ्यायला आलोय."

आप्पांनी पडद्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. "लबाड बोलतीस, शालन."

"मग ऐका की तुमी, आप्पा."

त्यानंतर मी रोज माझ्या मनाचं सांगायचे. एकाही मालिकेत मी म्हाताऱ्याला सुखानं मरू दिलं नाही. त्यांना कळत होतं, तरी ते विचारायचे, कारण सांगणारं दुसरं कुणी नव्हतं. माझ्या नवऱ्यानं एकदा टोकलं, "आगं, बाप हाय तुजा." मी म्हणाले, "म्हनून तर."

शेवटच्या थंडीत एका संध्याकाळी त्यांनी मालिकेचं विचारलंच नाही. माझा पदर ओढून म्हणाले, "ती दिव्याची गोष्ट आठवतीया का गं तुला? म्हातारा एकलाच असतुया ती?"

मी मान हलवली.

"तिचा शेवट काय व्हता? मला आठवंना झालाय." ते खरंच विसरले होते. डोळ्यांत लबाडी नव्हती, मी नीट बघितलं.

मी वाकले आणि त्यांच्या कानात ओरडले, "तुमीच सांगितला व्हता की! कप्तान त्याचा ल्योक निघाला. सगळं सोडलं आन बापापाशी ऱ्हायला."

"ऱ्हायला व्हय?"

"ऱ्हायला. जन्मभर."

आप्पांनी घोंगडं गळ्यापर्यंत ओढून घेतलं. चेहरा लहान मुलासारखा निवांत झाला. "झ्याक झालं," ते म्हणाले. मी टीव्ही बंद केला आणि त्यांच्यासाठी दुधात भाकरी चुरायला घेतली.